‘श्वान रस्त्यापर्यंत जाऊन घुटमळले’

घरफोडीची बातमी पेपरात आली की तिची शेवटची ओळ न वाचताही सांगता येते. ‘श्वान पथकाला पाचारण करण्यात आले, मात्र श्वान मुख्य रस्त्यापर्यंत जाऊन तिथेच घुटमळले.’ माझा मेहुणा आजही सणावाराला भेटला की चारचौघांत विचारतो, “काय दाजी, आज कुठं घुटमळलं?” जिल्ह्याच्या श्वान पथकात १४ वर्षं काढल्यावर आता मी चिडत नाही. डॉग रस्त्यावर येऊन घुटमळला, तर बहुतेक वेळा चोर तिथून गाडीवर बसलेला असतो. तिथवर तो कुठल्या बांधावरून, कुठल्या गोठ्यामागून आला हे त्याच डॉगने दाखवलेलं असतं. त्या वाटेवर कधी फेकून दिलेली कटावणी मिळते, कधी चपलेचा ठसा, आणि कुठल्या चौकातल्या कॅमेऱ्याचं फुटेज बघायचं तेही कळतं. बातमीत एवढं कोण छापणार!

आमच्यात एक रीत आहे. कागदावर ‘श्वान’ लिहायचं, आपसात ‘डॉग’ म्हणायचं. ‘कुत्रा’ म्हणालात तर जुने हस्तक, म्हणजे डॉग सांभाळणारे आणि कामाला नेणारे पोलीस, चहालासुद्धा विचारणार नाहीत.

भरतीची तयारी करणारी पोरं ग्राउंडवर भेटतात, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. डॉग स्क्वॉडची भरती कधी निघते? वेगळी निघत नाही, बाबांनो. आधी बारावी होऊन पोलीस शिपाई व्हायचं. ५० गुणांची मैदानी, १०० गुणांची लेखी, तेच १६०० मीटर आणि तोच गोळा. मग बंदोबस्त, रात्रगस्त, आरोपी पार्टी म्हणजे आरोपींची ने-आण, सगळं करायचं आणि पथकात जागा रिकामी झाली की इच्छुक म्हणून अर्ज द्यायचा. अर्जात सगळेच ‘मला प्राण्यांची आवड आहे’ असं लिहितात. मीही लिहिलं होतं. आमच्या जुन्या हवालदारांनी तो वाचला आणि एकच विचारलं, “पहाटे साडेपाचला त्याची शी कशी झाली ते रोज बघशील का?” मला वाटलं चेष्टा करताहेत.

चेष्टा नव्हती. दिवसाची सुरुवात तिथूनच होते. शी पातळ आहे, रक्त आहे, जंत दिसताहेत का, हे बघून तो डॉग आज कामाला न्यायचा की डॉक्टरकडे, ते ठरतं. मग फिरवणं, ब्रशने अंग साफ करणं, कानात, बोटांच्या बेचक्यांत, काखेत गोचीड शोधणं. गोचीड म्हणजे आमचा खरा वैरी. गोचीडतापाने तगडा डॉग आठवड्याभरात बसतो. पावसाळ्यात तर हस्तकाचा अर्धा वेळ त्यातच जातो. त्यानंतर सराव, मग आराम, मग खाणं. पोटभर खाल्ल्यावर पळवायचं नाही, कारण मोठ्या छातीच्या डॉगच्या पोटाला पीळ बसला तर दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ संपतो. दोन हस्तक एका डॉगला असतात, म्हणून रजा मिळते. तरी दिवाळीत माझ्या मुलीने एकदा फटाके का आणले नाहीत म्हणून रडून घर डोक्यावर घेतलं होतं, आणि मी केनेलमध्ये पंखा मोठा करून रेडिओ लावून बसलो होतो, बाहेरचे आवाज ऐकू येऊ नयेत म्हणून.

प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्यावर सगळे बोलतात. पुण्यात शिवाजीनगरला सीआयडीचं श्वान प्रशिक्षण केंद्र आहे, आणि ग्वाल्हेरजवळ टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाचं राष्ट्रीय केंद्र. स्फोटकं शोधणाऱ्या डॉगला साधारण सहा महिने लागतात, माग काढणाऱ्याला त्याहून जास्त. पिल्लू काही महिन्यांचं असतानाच निवडतात आणि निवडताना जातीपेक्षा खेळाचं वेड बघतात. चेंडू गवतात फेकल्यावर दहा मिनिटं झाली तरी जो सोडत नाही, तो आपला. पुढचं सगळं शिक्षण त्या चेंडूभोवतीच फिरतं. डॉगला आरडीएक्स कळत नाही, गुन्हा कळत नाही. हा वास सापडला की चेंडू मिळतो, एवढंच कळतं. स्फोटकवाला डॉग वास लागला की भुंकत नाही, खरवडत नाही, गुपचूप खाली बसतो. त्याने तिथे पंजा मारला तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

अवघड भाग हस्तकाच्या शिकण्याचा. माझी पहिली डॉग राणी, डॉबरमन, माग काढणारी. कोर्समध्ये सरावाला एक जण आधी चालून जायचा, रुमाल टाकायचा, आणि तासाभराने आम्ही निघायचो. माग कुठे वळतो ते मला माहीत असायचं. राणी दर वेळी बिनचूक जायची आणि मी मिशीत हसायचो. आठव्या की नवव्या दिवशी आम्हाला शिकवणाऱ्या उस्तादांनी मला न सांगता मागच बदलला. नेहमीच्या बाभळीपाशी आलो, तशी राणी डावीकडे वळली, ताडताड गेली आणि रिकाम्या कुंपणापाशी उभी राहून माझ्याकडे बघायला लागली. खरा माग उजवीकडे होता.

“डॉगला काय झालं?” मी विचारलं.

“डॉगला काही नाही झालं,” उस्ताद म्हणाले. “दोरी बघ तुझी. बाभूळ आली की तुझा हात डावीकडे जातो. ती जमीन हुंगतच नव्हती रे, तुझा हात वाचत होती.”

त्या दिवसापासून उस्ताद मला काहीच सांगेनात. पुढचे दोन आठवडे आम्ही दोघं रोज चुकलो. नव्या माणसाला एवढंच सांगेन, की माग तुम्हाला आधी माहीत असेल तो सराव सुरुवातीला डॉगला शिकवण्यापुरता ठीक. त्यानंतर दुसऱ्याला लपवायला सांगा आणि कुठे लपवलं ते विचारू नका.

हे कळूनही चूक झालीच. पथकात येऊन दोन वर्षं झाली होती. एका गावात रात्री किराणा दुकान फुटलं. आम्ही पोचेपर्यंत सकाळचे साडेनऊ वाजले होते आणि निम्मं गाव दुकानात आत-बाहेर करून गेलं होतं. गल्ल्यापाशी पडलेल्या टॉवेलाचा वास राणीला दिला. ती मागच्या दाराने निघाली, ओढ्यापर्यंत नीट गेली. नाक जमिनीला, कान मागे, दोरी ताठ. ओढ्यापाशी ती थांबली, वर हवेत नाक करून गोल फिरली. गर्दीतून आवाज आला, “तिकडं पालं आहेत बघा साहेब, ऊसतोड्यांची.” मी शपथेवर सांगतो, मी दोरी ओढली नाही. पण माझी छाती तिकडे वळली असणार. राणी एका पालाशी जाऊन उभी राहिली. आतल्या पोराला गावाने बाहेर काढायच्या आत आमच्या जमादारांनी मध्ये उभं राहून गर्दी थोपवली, म्हणून निभावलं.

ते पोर सकाळी दुकानदाराला शटर उचलायला मदत करून आलं होतं. त्याच्या अंगाला दुकानाचा वास असणारच. आणि राणीचे कान तेव्हा मागे नव्हते, दोरी सैल होती. सगळं मला दिसत होतं, पण मी वाचलं नाही. खरा चोर महिन्याने दुसऱ्याच तालुक्यात सापडला. त्या पोराची माफी मागायला मी पुन्हा गेलो, तोवर टोळी दुसऱ्या फडावर गेली होती.

म्हणूनच कोर्टात डॉगच्या मागाला फारसा भाव नाही, आणि मला ते पटतं. १९६९ साली महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने यावरचे आक्षेप नोंदवले आहेत. डॉगची उलटतपासणी घेता येत नाही, त्याच्या वतीने हस्तक बोलतो, आणि माणसाचं स्वातंत्र्य डॉगच्या अंदाजावर टांगून ठेवू नये. नवे हस्तक हे ऐकून हिरमुसतात. हिरमुसू नका. आपण तपासाला दिशा द्यायची, आरोपी द्यायचा नाही. पंचनाम्यात ‘श्वानाने अमुकला ओळखले’ असं कोणी लिहायला सांगितलं तर नम्रपणे नाही म्हणा. ‘श्वान अमुक ठिकाणापर्यंत गेले व थांबले’ एवढंच लिहा. घुटमळले लिहिलंत तरी चालेल.

स्फोटकवाल्यांचं नाव मोठं होतं, ते योग्यच आहे. मुंबईच्या १९९३च्या बॉम्बस्फोटांनंतर जंजीर नावाच्या लॅब्राडॉरच्या खात्यावर ३,३२९ किलो आरडीएक्स जमा आहे. २००० साली तो हाडांच्या कर्करोगाने गेला तेव्हा पोलिसांनी त्याला मानाने निरोप दिला. पण त्या पथकांचा रोजचा दिवस कसा असतो माहीत आहे? मंत्र्यांच्या सभेआधी सोफ्याखाली, फुलांच्या कुंड्यांत, माइकच्या खोक्यात, गाडीच्या डिकीत हुंगायचं. गणपतीत मंडप, वारीत तळ, २६ जानेवारीला परेड ग्राउंड. वर्षानुवर्षं काहीच सापडत नाही, आणि सापडू नये अशीच इच्छा असते. डॉगला मात्र काहीच सापडलं नाही तर तो कंटाळतो, शोधणंच सोडतो. म्हणून तपासणी संपली की हस्तक बाजूला नेऊन स्फोटकाचा सरावाचा नमुना लपवतो, डॉगला तो सापडू देतो आणि चेंडू देतो. लोकांना वाटतं पोलीस खेळत बसलेत.

एक गोष्ट अधिकाऱ्यांनाही सांगायला शिका. दुपारी दोनला डॉग बोलावून उपयोग नसतो. डॉगला अंगभर घाम येत नाही, तो जीभ काढून धापा टाकतो, आणि तोंडाने धापा टाकत असताना नाक नीट चालत नाही. त्यात एप्रिलमधल्या डांबराने पंजे भाजतात. आपला तळहात रस्त्यावर ठेवून पाच सेकंद टिकत नसेल तर डॉगला गाडीतून उतरवू नये. मी एकदा असं उतरवायला नकार दिला, त्याबद्दल बोलणी खाल्ली. संध्याकाळी सातला राणीने त्याच शेतातून पडक्या विहिरीपर्यंत नेलं. चोरलेली पाण्याची मोटार विहिरीत होती.

राणी नवव्या वर्षी निवृत्त झाली. पथकाने जीपला हार घातले, फोटो निघाले. मला तिला घरी न्यायचं होतं, पण आमची पोलीस लाईनची खोली दीड खणाची आणि माझ्याकडे नवं पिल्लू आलेलं. एका शेतकरी कुटुंबाने तिला नेलं. चांगली माणसं आहेत. पहिले पंधरा दिवस ती जेवली नाही असं त्यांनी मला नंतर सांगितलं, तेव्हा सांगितलं असतं तर मी ड्यूटी टाकून गेलो असतो.

दोन महिन्यांनी रविवारी गेलो. ती आंब्याखाली झोपली होती. शीळ घातली तशी उठली, धावत आली, आणि दोन हात अंतरावर थबकली. माझ्या पँटला पिल्लाचा वास होता. आधी उजवा पाय हुंगला, मग डावा, मग पुन्हा उजवा. शेतकरीकाकांनी घरातून चहा आणला तरी तिचं हुंगणं चालूच होतं. मी खिशातून चेंडू काढला. तिने तो घेतला आणि आंब्याखाली नेऊन ठेवला. परत आणून दिला नाही.