पक्षिनिरीक्षण सुरू करताय? पुणेकरांनो, या चुका टाळा

५ ते १२ नोव्हेंबर हा आपल्याकडे पक्षी सप्ताह. एका टोकाला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, दुसऱ्या टोकाला सालिम अलींचा. या आठवड्यात टेकड्यांवर आणि तलावांवर गळ्यात नवीकोरी दुर्बीण अडकवलेले बरेच चेहरे दिसतात. फेब्रुवारी येईपर्यंत त्यातले अनेक जण यायचे बंद होतात. त्यांची आवड खरी असते, पण सुरुवातीलाच अशा काही सवयी लागतात की मजा येण्याआधीच कंटाळा येतो. त्या टाळता येतात.

थेट भिगवण गाठणं

भिगवणला उजनी धरणाच्या पाण्यावर रोहित पक्ष्यांचे थवे पाहणं हा विलक्षण अनुभव आहे, त्यात वादच नाही. पण पहिल्याच आठवड्यात शंभरेक किलोमीटर जाऊन तिथे उभं राहिलात, तर एकाच वेळी शेकडो पक्षी समोर येतात आणि त्यातले तीन-चारच ओळखू येतात. चिखलात चोच खुपसत फिरणारे बारके राखाडी पक्षी तर अनुभवी माणसालाही घाम फोडतात.

त्याऐवजी घराजवळची एकच जागा धरा. तळजाई, वेताळ टेकडी, विद्यापीठाचं आवार, एम्प्रेस गार्डन, पाषाण तलावाचा काठ, काहीही चालेल. दर आठवड्याला तिथेच जा आणि आधी नेहमीचे दहा-पंधरा पक्षी पक्के करा: बुलबुल, दयाळ, शिंपी, नाचण, वेडा राघू, कोतवाल, तांबट, खंड्या. कोतवाल तारेवर बसतो, शिंपी झुडपात घुसतो, नाचण फांदीवर शेपटीचा पंखा फिरवत राहतो, हे अंगवळणी पडलं की वेगळं काही आलं तर नजर आपोआप तिकडे जाते. ऑक्टोबरात गवतावर शेपटी हलवत धोबी उतरला की तो पाहुणा आहे हे तुमचं तुम्हालाच कळतं. पावसाच्या तोंडावर माळावर चातक दिसला तर तो कालपर्यंत इथे नव्हता, हेही कळतं. या छंदाचा खरा आनंद माझ्या मते इथे आहे. रोज नवीन जागा बदलणाऱ्याच्या वाट्याला तो सहसा येत नाही.

दुर्बीण न जुळवताच वापरणं

‘दुर्बिणीतून नीट दिसत नाही’ ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेक वेळा दुर्बीण चांगली असते, फक्त ती आपल्या डोळ्यांना जुळवलेली नसते.

दोन वर्तुळं दिसत असतील तर दोन्ही नळ्या जवळ किंवा लांब करत एकच वर्तुळ येईपर्यंत दुमडा. कडेला काळ्या सावल्या येत असतील तर आयकप, म्हणजे डोळ्यांना टेकणाऱ्या कडा, तपासा: चष्मा लावून पाहणाऱ्यांनी ते आत फिरवायचे, चष्मा नसलेल्यांनी बाहेर काढायचे. एका डोळ्याला स्पष्ट आणि दुसऱ्याला धूसर दिसत असेल, तर उजवा डोळा मिटून मधल्या चाकाने डाव्या डोळ्याला स्पष्ट करा. मग डावा मिटा आणि त्याच वस्तूकडे बघत डायॉप्टरची कडी फिरवा. ही कडी बहुधा उजव्या डोळ्याकडच्या नळीवर असते. एवढं एकदा केलं की पुढे फक्त मधलं चाक वापरायचं.

पक्षी दुर्बिणीत सापडतच नसेल तर नजर पक्ष्यावरून हलवू नका. मान तशीच ठेवून दुर्बीण डोळ्यांपर्यंत आणा. दुर्बीण आधी लावून मग झाड चाळत बसलं की पक्षी उडून जातो. याचा सराव गॅलरीतून समोरच्या कावळ्यावर करावा.

अजून घेतली नसेल तर ८ × ४२ घ्या. यातला ८ म्हणजे आठपट जवळ आणि ४२ म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. वीसपट किंवा झूमवाल्या दुर्बिणीच्या मोहात पडू नका, हाताची थरथरही तेवढीच मोठी दिसते.

कॅमेऱ्यामागे लपणं

फोटोग्राफी हा सुंदर छंद आहे, पण तो वेगळा आहे. पहिलं वर्ष तरी कॅमेरा बॅगेत राहू द्या. सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तक पाण्यावर येतो तेव्हा लेन्सची रांग लागते. फोटो मिळाला की अनेक जण निघतात आणि तो पक्षी पाण्यात सूर मारून परत कुठल्या फांदीवर बसला हे त्यांनी पाहिलेलंच नसतं.

घाईने नाव ठोकणं

पक्षी दिसल्याबरोबर पुस्तकात डोकं घालू नका. तो समोर आहे तोवर त्यालाच बघा: चिमणीएवढा की साळुंकीएवढा, चोच कशी, जमिनीवर की शेंड्यावर, शेपूट काय करतेय. मग वहीत लिहा आणि शेवटी पुस्तक उघडा. रंगावर फार विसंबू नका. कोकिळेची मादी तपकिरी, अंगभर पांढरे ठिपके असलेली असते, त्यामुळे नवखे तिला भलताच पक्षी समजतात. जांभळ्या शिंजिराचा नर विणीचा हंगाम नसताना मादीसारखा फिका होतो आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा तेवढा राहतो.

मर्लिनसारखं ॲप आवाजावरून नाव सुचवतं, त्याची मदत जरूर घ्या. पण पक्षी डोळ्यांनी दिसेपर्यंत यादीत लिहू नका. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, ॲप फसू शकतं.

पक्ष्याला त्रास देणं

इथे मी कुठलीही सवलत देणार नाही. मोबाइलवर आवाज वाजवून पक्षी बोलावू नका. विणीच्या काळात त्याला तो दुसरा नर वाटतो आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो हद्द राखायला धावतो. घरट्याजवळ थांबू नका, आडोशाच्या फांद्या बाजूला करू नका, घरट्याची जागा ग्रुपवर टाकू नका. भिगवणला नावाड्याला ‘अजून जवळ घ्या’ म्हणू नका, थवा उडाला की त्यांचं खाणं थांबतं. कुरव पक्ष्यांना शेव-गाठी टाकणंही बंद करा.

आणि ‘काहीच दिसत नाही’ तेव्हा

आधी वेळ बघा. उजाडल्यापासूनचे पहिले दोन तास सोन्यासारखे असतात. ऊन चढलं की झाडांतली हालचाल मंदावते, मात्र घारी आणि गरुड त्याच वेळी तापलेल्या हवेवर वर चढतात, तेव्हा मान वर करा. सूर्य पाठीशी राहील असे उभे राहा. कवडीपाटच्या बंधाऱ्याजवळ चक्रवाक असो की शेकाट्या, सूर्य समोर असेल तर सगळे काळेच दिसणार. भडक कपडे नकोत, गप्पा नकोत.

तरीही शांतता असेल तर चालणं थांबवा. पिकलेल्या उंबराखाली किंवा फुललेल्या पांगाऱ्यासमोर अर्धा तास बसा. तांबट, शिंजीर, भोरड्या आणि नशीब असेल तर हरियाल स्वतःहून तिथे येतात. बुलबुल आणि खारी एकदम ओरडायला लागल्या तर त्यांचा रोख कुठे आहे ते बघा, जवळपास शिक्रा किंवा पिंगळा असण्याची शक्यता मोठी.

यादी वहीत ठेवलीत तरी ती पक्ष्यांच्या नोंदी करायच्या ई-बर्ड या संकेतस्थळावरही टाका. फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षिगणना असते. तिच्यात गॅलरीतून पंधरा मिनिटं मोजलेली यादीही चालते, अगदी त्यात कावळे, पारवे आणि साळुंक्याच असल्या तरी.