दोन छोट्या कॅमेऱ्यांत एक निवडताय? या चुका टाळा

महिन्यातून एखादा तरी येतो आणि काउंटरवर मोबाईल सरकवतो. पडद्यावर दोन कॅमेरे शेजारी शेजारी, खाली हिरव्या-लाल खुणांचा तक्ता. "काका, ह्यातलो खयचो घेव?"

मालवणच्या बाजारात माझा फोटो स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, जुन्या फोटोंचं लॅमिनेशन. कॅमेरे मी विकत नाही, म्हणून मी खरं सांगेन अशी लोकांची समजूत. सांगतोही. पण तक्ता घेऊन येणाऱ्याने बहुतेक वेळा मनात एक आधीच ठरवलेला असतो, मी त्यावर फक्त शिक्का मारायचा असतो. मी मारत नाही, मग तो रागावतो, आणि सहा महिन्यांनी तोच "लेन्स अडकली" म्हणून परत येतो.

झूमचा आकडा बघून भुलणं

लोकांचे सगळ्यात जास्त पैसे ह्या चुकीत जातात, आणि माझ्या घरातलेही गेलेत.

माझ्या भाच्याने तीन आठवडे घासाघीस करून दोन कॅमेरे काढले होते. एक वापरलेला, एक इंची सेन्सरचा (सेन्सर म्हणजे आतली फोटो टिपणारी चिप), जेमतेम तीनपट झूमचा. दुसरा कोरा करकरीत, तीसपट झूमचा. किंमत जवळपास सारखी. मी पहिल्यावर बोट ठेवलं. तो म्हणाला, "मामा, ह्याचो झूम तीस पट असा, त्याचो फक्त तीन!" दहापट फरक. ह्यावर काय बोलणार? घेतला त्याने दुसरा.

मार्गशीर्षात गावच्या जत्रेला घेऊन गेला. पालखी फिरून झाली, दशावताराचा खेळ उभा राहिला. हा मागे, गर्दीच्या पाठी, आणि खुशीत, कारण झूम आहे ना! संकासुर राक्षस आला, काळा पोशाख, लोंबणारी लाल जीभ, आणि नाचायला लागला. ह्याने पूर्ण झूम करून शंभरेक फोटो मारले. दुसऱ्या दिवशी दुकानातल्या कॉम्प्युटरवर लावले तेव्हा माझी आई शेजारी बसली होती. काळ्यावर नुसता लाल फराटा. तिने चष्मा वर केला, "ह्या काय रे? कुंकू सांडल्यान कोणी?"

कॅमेरा बिघडलेला नव्हता. झालं असं की अशा लेन्सवर लिहिलेलं असतं ३.५-६.४. पहिला आकडा झूम न करता, दुसरा पूर्ण झूमला. लोक पहिलाच वाचतात. हा एफचा आकडा, म्हणजे अ‍ॅपर्चर, लेन्सचं भोक किती उघडतं त्याचं माप. तो जसा वाढतो तसा प्रकाश त्याच्या वर्गाने कमी होतो. समजा एका लेन्सचा आकडा २.८ आणि दुसरीचा ६.४, तर वर्गाने पाचपट फरक पडतो. म्हणजे २.८ वर जो फोटो १/६० सेकंदात निघतो, त्याला ६.४ वर साधारण १/१२ सेकंद लागतो, आणि तेवढ्यात नाचणाऱ्याचा हात इथून तिथे गेलेला असतो. "पण त्यात स्टॅबिलायझेशन आहे," हे मला दर वेळी ऐकवलं जातं. आहे ना. ते तुमचा हात सावरतं, संकासुराचा नाही. मग कॅमेरा बिचारा आयएसओ, म्हणजे प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता, वाढवतो, आणि छोट्या सेन्सरवर आयएसओ वाढला की चेहऱ्यावर रवा पेरल्यासारखे दाणे येतात.

सेन्सरच्या नावातला इंच तर आणखी फसवा. "एक इंची" सेन्सर कुठूनही मोजा, इंच भरत नाही. तो असतो १३.२ बाय ८.८ मिलिमीटर. हे नाव जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळ्यांच्या बाहेरच्या व्यासावरून चालत आलंय. त्याच हिशोबाने १/२.३ म्हणून लिहिलेला सेन्सर ६.२ बाय ४.६ मिलिमीटरच्या आसपास असतो. एक करंगळीच्या नखाहून थोडा मोठा, दुसरा तुरीच्या डाळीएवढा. क्षेत्रफळात चौपट फरक. रात्रीच्या जत्रेत ही चौपट कामाला येते, झूमची दहापट नाही.

आणि झूम फुकट मिळत नाही, हे एकाच घराण्यात बघायचं असेल तर सोनीची आरएक्स१०० मालिका बघा. २०१४ चा मार्क ३, २४ ते ७० मिलिमीटरची लेन्स (दुसरा आकडा मोठा तितका झूम लांब), अ‍ॅपर्चर १.८-२.८. २०१८ चा मार्क ६, लेन्स २४-२००, अ‍ॅपर्चर २.८-४.५. सेन्सर दोन्हींत एक इंचीच. खिशात मावेल एवढ्या अंगात झूम वाढवला तर प्रकाश सोडावा लागला. नवीन म्हणजे सगळ्याच बाबतीत वरचढ असं धरून चालणाऱ्यांनी हे दोन आकडे कागदावर लिहून ठेवावेत.

माझी सवय सांगतो. मी गिऱ्हाइकाचा तक्ता बाजूला ठेवतो आणि त्याच्या मोबाईलची गॅलरी मागतो. गेल्या वर्षाचे फोटो. संध्याकाळची चौपाटी, घरचा गणपती, पोरं, लग्नातली पंगत, बंदरावरचा सुरमईचा ढीग. पक्षी किती? शून्य. मग बाबा रे, तीसपट झूम कशाला? हां, कोणी किल्ल्याजवळ समुद्रगरुड टिपायला होडीतून हिंडत असेल, किंवा देवरूख-संगमेश्वरकडे धनेश शोधत असेल, तर झूमवालाच घ्यावा, दिवसाउजेडी तो उत्तम चालतो. माझ्या ओळखीत अशी माणसं दोन आहेत. तक्ता घेऊन आलेली मोजली नाहीत.

दुकानात दोन्ही पडदे शेजारी धरून निकाल लावणं

दुसरी माझी डोकेदुखी. लोक कोल्हापूरला नाहीतर पणजीला जातात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही कॅमेरे ऑटोवर ठेवून काउंटरचाच फोटो काढतात आणि मागचे पडदे शेजारी धरतात. "ह्याचा जास्त क्लिअर आहे." अहो, ह्याचा पडदा जास्त उजळ आहे! फोटो पाहिलाच कुठे तुम्ही?

मी स्वतः एकदा अस्सा फसलोय, म्हणून हक्काने सांगतो. वीसेक वर्षं कॅमेरा हाताळलेला माणूस मी, एका दुकानात दोन कॅमेरे पाहिले आणि एकाच्या रंगांवर जीव जडला. पलीकडच्या भिंतीवरचं कॅलेंडर त्यात असं काही लालबुंद दिसत होतं! घरी आणला, चार दिवसांनी मेन्यू चाळताना दिसलं की आधीच्या कोणत्या तरी गिऱ्हाइकाने रंगांचं सेटिंग 'व्हिव्हिड'वर ठेवून दिलं होतं. नॉर्मलवर आणल्यावर दोन्ही कॅमेरे सख्खे भाऊ. दोष दुकानदाराचा नाही, कॅमेऱ्याचाही नाही. मी मेन्यू उघडला नव्हता, एवढंच.

तेव्हापासून स्वतःचं कार्ड खिशात घेऊनच दुकानात शिरतो. आधी दोन्ही कॅमेरे मेन्यूतून रीसेट करतो. मग दाराशी उभा राहतो, जिथे अर्धं अंग सावलीत आणि रस्ता उन्हात, कारण आपल्याकडचे निम्मे फोटो असेच असतात, पडवीत माणूस आणि मागे अंगण पेटलेलं. त्याच जागेवरून, समोरच्या दुकानाची पाटी दोन्हींत सारखीच मोठी दिसेल इतका झूम करून, एक फोटो आयएसओ २०० वर, एक १६०० वर. मग कोणाला तरी सावलीत उभं करून चेहरा. अ‍ॅपर्चर आणि आयएसओ दोन्हींत एकच, नाहीतर तुलना कॅमेऱ्यांची न होता ऑटोच्या लहरींची होते. घरी आलो की एकाच कॉम्प्युटरवर, एकाच आकारात बघायचे. पाटीवरची बारीक अक्षरं आणि फोटोचे चार कोपरे, बाकी काही नाही.

"एकाच आकारात" हे मुद्दाम म्हटलं. एक १२ मेगापिक्सेलचा, दुसरा २० चा असेल आणि दोन्ही शंभर टक्क्यांवर उघडले, तर २० वाल्याचे दाणे उगाच मोठे दिसतात. प्रिंट जेवढी काढणार तेवढंच मोठं करून बघा. चार बाय सहाच्या प्रिंटला दोन-सव्वादोन मेगापिक्सेल पुरतात. बारा मेगापिक्सेलमध्ये तेरा बाय दहा इंची प्रिंट मी डोळे मिटून काढून देतो, आणि गेल्या वर्षभरात माझ्याकडे त्याहून मोठी प्रिंट मागणारे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

दोन गोष्टी तक्त्यात कधीच नसतात. कॅमेरा चालू करून पहिला फोटो निघेपर्यंत किती वेळ लागतो, हे मी "एक नारळ, दोन नारळ" मोजून बघतो. तीन नारळ झाले तर पोरगं फ्रेमच्या बाहेर. दुसरं, कॅमेरा घेऊन दुपारी रस्त्यावर या. दुकानात झकास दिसणारा पडदा बाराच्या उन्हात आरसा होतो, आणि किनाऱ्यावर तर वाळू खालून पण ऊन मारते. तिथे डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर असला तर बरं. आरएक्स१०० मार्क ३ ला तो आहे, पण पडदा टचचा नाही. कॅननच्या जी७ एक्स मार्क २ ला टचचा पडदा आहे, व्ह्यूफाइंडर नाही. ह्यात कोणता चांगला, हे इथे बसून मी कसं सांगू? तुम्ही फोटो कुठे काढता ते सांगा.

वाळू, खारं वारं आणि चार महिने पाऊस

आत-बाहेर होणाऱ्या लेन्सचा कॅमेरा चौपाटीवर चालू ठेवून गळ्यात लटकवू नका. नळीच्या फटीत वाळूचा एक कण गेला की लेन्स कुरकुरते आणि मग पडद्यावर लेन्स एररची पाटी. ती हाताने ओढून बसवणारे महाभाग आहेत. आतलं दातेरी चाक तुटतं आणि दुरुस्तीचा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीला भिडतो. फोटो झाला की बंद, बंद की पिशवीत. कंटाळा येतो? मग मोबाईलनेच काढा.

तारकर्लीला पाण्यात न्यायचाय म्हणून वॉटरप्रूफ घेणारे फक्त खोलीचा आकडा बघतात. ऑलिंपसचा टीजी-६ पंधरा मीटर, निकॉनचा डब्ल्यू३०० तीस मीटर. स्नॉर्केलिंगला दोन्ही पुरून उरतात, मग खोलीवरून निवडून काय मिळवलं? बॅटरीचं दार आणि त्याचं कुलूप कसं आहे ते बघा, ओल्या हाताने उघडून बघा. पाणी आत जातं ते खोलीमुळे कमी आणि दाराच्या रबरावर चिकटलेल्या केसामुळे जास्त. समुद्रातून आलात की दारं बंद ठेवून गोड्या पाण्याच्या बादलीत बुडवा. मी अर्धा तास ठेवतो. नुसतं नळाखाली धरून पुसलं तर बटणांखालचं मीठ तसंच राहतं.

वापरलेला घेत असाल तर लेन्समध्ये मोबाईलचा टॉर्च मारून तिरकं बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे म्हणजे बुरशी. दोन पावसाळे कपाटात, तेही चामड्याच्या कव्हरात पडून राहिलेला कॅमेरा इथे बहुतेक असाच निघतो. कितीही स्वस्त असो, सोडून द्या. आणि आपला असा होऊ द्यायचा नसेल तर घट्ट झाकणाचा डबा आणि ओल शोषणारे सिलिका जेलचे दाणे. निळे दाणे गुलाबी झाले की बदला. तांदळात कॅमेरा ठेवू नका. तांदळाची पूड लेन्सच्या फटीत गेलेली मी काढलीय, पुन्हा काढायची इच्छा नाही.

बाकीच्या चुका भराभर

बॅटरीवरून वाद. एका चार्जमध्ये आरएक्स१०० मार्क ७ चे २६० फोटो, जी७ एक्स मार्क ३ चे २३५, हे एकाच चाचणीचे आकडे. पंचवीस फोटोंवरून कॅमेरा ठरवू नका, दुसरी बॅटरी घ्या. जूनमध्ये लाइट गेली की कळेल.

परदेशातून आलेला स्वस्त कॅमेरा. जपानच्या बाजारातल्या सोनीच्या कॅमेऱ्यांत मेन्यू बहुतेक वेळा फक्त जपानीत असतो, आणि ते बिल भरल्यावर लक्षात येतं. इथली वॉरंटी चालेल का, हेही लेखी विचारा. व्हिडिओ एनटीएससीवर (अमेरिका-जपानकडची पद्धत) सेट असेल तर आपल्या ५० हर्ट्झच्या ट्यूबलाइटखाली चित्र फडफडतं. पाल (आपल्याकडची पद्धत) करा, शटर १/५० ठेवा.

वीस वर्षांपूर्वीच्या डिजिकॅमची सध्याची हौस. पोरं ताईच्या कपाटातून काढून आणतात, छान आहे. पण विकत घेताना कार्ड बघा. एक्सडी ह्या जुन्या जातीच्या कार्डवाला असेल तर कार्ड शोधत फिराल. २००६ च्या आधीचे एसडीवाले कॅमेरे बहुधा दोन जीबीच्या वरचं कार्ड ओळखतच नाहीत, आणि मग ३२ जीबीचं कार्ड घालून "कॅमेरा खराब आहे" म्हणून माझ्याकडे येतात.

फ्लॅश बंद करता येतो का, हे न बघणं. रत्नागिरीतल्या वेळासला कासवाची पिल्लं समुद्रात सोडतात तिथे फ्लॅश चालत नाही. नव्या कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर असतो आणि नेमका तिथे पेटतो. बंद करायला किती बटणं दाबावी लागतात, दोन्हींवर मोजा.

आणि शनिवारी संध्याकाळी कॅमेरा घेऊन रविवारी सकाळी देवबागला निघणारे. परवाच एक आला. डबा सुद्धा दुकानातच फोडला, बॅटरी चार्ज नाही, कार्ड नाही, पट्टा लावायचा राहिलेला. म्हणाला, काका, दहा मिनिटांत सगळं शिकवा. मी त्याला कार्ड दिलं, पट्टा बांधून दिला, आणि उद्यापुरता मोबाईल घेऊन जा म्हटलं. तो कॅमेराच घेऊन गेला. आज सोमवार, दुपारी येईल बहुतेक.