पाणी कमी सांगितलंय? आधी पहिल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट शोधा

छत्तिसावा आठवडा लागला आणि कालच्या सोनोग्राफीत पुन्हा तेच, बाळाभोवतीचं पाणी सहा सेंटीमीटर. पाचच्या खाली गेलं की कमी म्हणतात. गेल्या बाळंतपणात, थोरलीच्या वेळी, साडेचार होतं आणि तेव्हा मी जो घोळ घातला तो परत नको, म्हणून आज रात्रीच बॅग भरतेय आणि भरता भरता हे लिहितेय.

दुपटी, झबली, टोपडी, गाऊन, पॅड, चार्जर. झालं. यातलं काही राहिलं तर दवाखान्यासमोरच्या मेडिकलमध्ये नाहीतर बाजारपेठेत मिळतं. कुठेच विकत मिळत नाही अशी एकच गोष्ट आहे, पहिल्या तीन महिन्यांतल्या सोनोग्राफीचा रिपोर्ट. गेल्या खेपेला तो पुण्याला कपाटात होता आणि मी कराडला माहेरी, रात्री अकरा वाजता, पोटाला एनएसटीचे, म्हणजे बाळाचे ठोके तपासायचे, पट्टे लावून पडले होते.

माझी पाळी चाळीस-बेचाळीस दिवसांनी यायची. त्यामुळे पाळीच्या तारखेने एकोणचाळीस आठवडे भरत होते, आणि पहिल्या सोनोग्राफीने सदतीस. मला हे माहीत होतं, पण माझ्या तोंडी सांगण्यावर डॉक्टरांनी का विश्वास ठेवावा? माझ्याजवळ फक्त शेवटचा रिपोर्ट होता. त्यात पाणी साडेचार आणि बाळाचं वजन अंदाजे अडीच किलो. एकोणचाळिसाव्या आठवड्याला अडीच किलो आणि वर पाणी कमी, म्हणजे वार नीट काम करत नाहीये का, बाळाची वाढ खुंटलीय का, अशी शंका येणारच. तेच अडीच किलो सदतिसाव्या आठवड्याला चालून जातं. शेवटच्या महिन्यातल्या मापांवरून आठवडे काढले तर दोन-तीन आठवडे इकडेतिकडे होतात. सुरुवातीला मात्र सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, म्हणून बाळाच्या तेव्हाच्या लांबीवरून काढलेली तारीख आठवडाभरापेक्षा फारशी चुकत नाही. त्यासाठी हवा होता तो रिपोर्ट.

मग दिराला झोपेतून उठवलं. त्याने कपाट उघडलं, फाइल सापडली, फोटो आले. कसले, तर त्या काळ्या चकचकीत चित्रांचे! चित्र नको, टाइप केलेलं पान हवं, ज्यावर लांबी, आठवडे आणि प्रसूतीची तारीख असते. ते पान मिळेपर्यंत दीड वाजला. तोवर "सिझेरियनची तयारी ठेवा" हे वाक्य माझ्या आईने तीनदा ऐकलं होतं. रिपोर्ट बघितल्यावर आणि डॉपलर (बाळाच्या रक्तप्रवाहाची सोनोग्राफी), एनएसटी ठीक आल्यावर ठरलं की आज रात्री झोपा, सकाळी पिशवीचं तोंड मऊ करायचं जेल लावू. दवाखान्याचं काही चुकलं नव्हतं, चूक माझी होती.

तेव्हा मूळ पान बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात. फोटो तुमच्या, नवऱ्याच्या आणि आईच्या फोनवर, तिघांच्याही. चित्रांना लॅमिनेशन करू नका, तो कागद उष्णतेने काळा पडतो. नुसतं "फाइल घेतली" याला अर्थ नाही, फाइल उघडून ते पान डोळ्यांनी बघा. माझीही फाइल घेतलेली होती, फक्त ती सातव्या महिन्यापासूनची होती.

बाकीचे कागद म्हणजे रक्तगट (निगेटिव्ह असेल तर आधीच सांगून ठेवा), शेवटचे रक्ताचे रिपोर्ट, आधार, विम्याचं कार्ड. आधी सिझेरियन झालं असेल तर दारातूनच सांगा, कारण त्यावर कळांची औषधं बदलतात.

आता पाण्याबद्दल. चार-पाच महिन्यांनंतर हे पाणी म्हणजे मुख्यतः बाळाची लघवी. वारेतून रक्त कमी पोचलं की बाळ लघवी कमी करतं, म्हणून डॉक्टर एवढे मागे लागतात. शेवटच्या आठवड्यांत ते थोडं आपोआपही घटतं. आई शहाळ्यांवर शहाळी आणते. प्या, अंगात पाणी कमी असेल तर थोडा फरक पडतो, पण शहाळं प्यायलं म्हणून पुढची तपासणी टाळायची नाही. आणि आकडा विचारताना कशाचा तेही विचारा. पोटाचे चार भाग धरून प्रत्येकातल्या पाण्याच्या कप्प्याची खोली मोजतात, त्या चारांची बेरीज असेल तर पाच ही सीमा, एकाच सर्वांत खोल कप्प्याचं माप असेल तर दोन. माझ्या मैत्रिणीला "तीन" ऐकून रडू फुटलं होतं. तिचा तो एका कप्प्याचा आकडा होता, म्हणजे ठीकच.

घरी असेपर्यंत बाळाची हालचाल मोजायची. डाव्या कुशीवर पडून दोन तासांत दहा. नाही भरली तर निघा. गोड खाऊन बघू, सकाळपर्यंत थांबू, हे नको. अंगावरून पाणी गेल्यासारखं वाटलं तर पॅड लावा, वेळ लिहा, रंग बघा, आणि निघा. हिरवट दिसलं तर फोन करत करतच निघा. लघवी असेल म्हणून सोडून देऊ नका, पाणी कमी होण्याचं एक कारण हे झिरपणंही असतं. गाडी नसेल तर १०८. निघताना काय घ्यायचं? बरोबर, तेच पान.

दाखल झाल्यावर एवढंच विचारा की पिशवीचं तोंड किती तयार आहे, जेल लावणार, गोळी देणार की फुगा, आणि किती तास वाट बघून मग सिझेरियनचा विचार करणार. तोंड तयार नसेल तर वेळ लागतो. मला सकाळी नऊला जेल लावलं, सहा तासांनी दुसरं, मग रात्रभर सलाईनमधून कळांचं औषध, आणि थोरली झाली दुसऱ्या दिवशी दुपारी. सोबतच्या माणसाला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर दर तासाला "अजून नाही?" ऐकावं लागतं. खायचं की नाही ते सिस्टरला विचारूनच. औषधाच्या कळा अचानक जोरात येऊ शकतात, भूल घ्यायची असेल तर तसं आधीच बोलून ठेवा.

डिपॉझिटचे पैसे, रात्री थांबणारं एक माणूस, थोरलीच्या शाळेला निरोप. बाळंतपणानंतरचं आई बघेल. पाय सुजलेत, आता पुरे.

परवा कराडला निघायचंय. नवरा म्हणतो रिपोर्ट घेतलाय. तरी गाडीत बसण्याआधी मी कप्प्याची चेन उघडून बघणार आहे.