नवी गाडी घेताना: तीन कोटेशनं आणि एकच आकडा

शोरूममध्ये खुर्चीवर बसलं, पाणी आलं, की पहिला प्रश्न येतो, "सर, बजेट किती?" आणि लगेच दुसरा, "महिन्याला हप्ता किती बसला पाहिजे?" या दोन्ही प्रश्नांना उत्तर द्यायचं नाही. हे सगळ्यात आधी सांगतोय, कारण आपली बरीच माणसं इथेच अडकतात. "पंधरा हजार जमतील" असं एकदा तोंडातून गेलं की पुढचा तासभर सगळं त्या पंधरा हजारांत बसवलं जातं. महागडा विमा, नको असलेल्या ॲक्सेसरीज, सात वर्षांची मुदत, सगळं त्यात बसतं. गाडी कितीला पडली, हे मात्र कळत नाही.

माझे वडील हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायचे. दात बघायचे, चालवून बघायचे, उपरण्याखाली दलालाची बोटं धरून भाव करायचे आणि पटलं नाही तर मोकळ्या हातानं घरी यायचे. घरातली पहिली कार घेताना त्याच माणसानं समोर आलेल्या छापील कागदावर मुकाट्यानं सही केली. छापलंय म्हणजे ठरलेलंच असणार, असं त्यांना वाटलं. त्या कागदावरच्या निम्म्या ओळी बोलून कमी करता आल्या असत्या. ते पैसे घामाचे होते आणि ते गेल्याची हळहळ मला आजही आहे. म्हणून नात्यात कुणी गाडी घेणार असेल तर मी त्याच्याबरोबर जातो आणि दर वेळी याच क्रमानं जातो.

आधी घरी ठरवा

मॉडेल, व्हेरिएंट, पेट्रोल, डिझेल की सीएनजी, आणि चालतील असे दोन रंग, हे कागदावर लिहून मगच बाहेर पडा. एका शोरूममध्ये मधल्या व्हेरिएंटचा भाव घेतला आणि दुसरीकडे वरच्या व्हेरिएंटचा, तर तुलना होत नाही. टेस्ट ड्राइव्ह घ्या, घरच्यांना मागच्या सीटवर बसवा, शक्य असेल तर गावच्या कच्च्या रस्त्यावर गाडी घालून बघा. पण त्या दिवशी पैशाचं काही बोलू नका.

दोन वर्षांपूर्वी चुलत्यानं हीच गाडी एवढ्याला घेतली होती, हा हिशेबही सोडून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले आहेत. चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के, त्याहून मोठ्या गाड्यांना ४० टक्के आणि इलेक्ट्रिक गाड्यांना ५ टक्के. जुना भाव आता उपयोगाचा नाही.

कागद मागा, तोही फोड करून

"ऑन रोड दहा लाख चाळीस हजार, त्यात वीस हजार डिस्काउंट" असं तोंडी सांगितलेलं कोटेशन धरायचं नाही. प्रत्येक रकमेची वेगळी ओळ असलेलं, शोरूमच्या शिक्क्याचं किंवा त्यांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर आलेलं कोटेशन मागा. देत नसतील तर उठा. जो कागद द्यायला तयार नाही, तो पुढे आकडा बदलणार हे धरून चाला.

आता तो कागद कसा वाचायचा ते बघू. खरी कमाई इथेच आहे.

एक्स-शोरूम किमतीत, म्हणजे नोंदणी आणि विमा सोडून गाडीच्या किमतीत, जीएसटी आलेला असतो. ही किंमत कंपनी ठरवते, त्यामुळे एकाच मॉडेलची किंमत लातूरला आणि नांदेडला फारशी वेगळी नसते. सवलत द्यायची ती हिच्यातून. दोन प्रकारची सवलत विचारा. एक कंपनीची, त्या महिन्याची, जी सगळीकडे सारखी असते. दुसरी डीलरच्या स्वतःच्या खिशातली. सेल्समन बऱ्याचदा पहिली दाखवतो आणि दुसरीबद्दल बोलत नाही. शिक्षक, सरकारी नोकर, डॉक्टर, वाळूजसारख्या एमआयडीसीतल्या मोठ्या कंपन्यांचे कामगार, कधी शेतकरीसुद्धा, यांच्यासाठी बऱ्याच कंपन्यांची वेगळी सूट असते. ओळखपत्र किंवा सातबारा दाखवावा लागतो, पण विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. घरात माजी सैनिक असतील तर शोरूमला जाण्याआधी सीएसडीचा, म्हणजे सैन्याच्या कँटीनचा भाव काढा.

आरटीओच्या ओळीत घासाघीस होत नाही, पण तपासणी मात्र करायची. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावरच्या पेट्रोल गाडीला दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांना १२ टक्के आणि त्यापुढे १३ टक्के कर लागतो. डिझेलला प्रत्येक टप्प्यावर दोन टक्के जास्त, म्हणजे १३, १४ आणि १५. म्हणजे साडेआठ लाखांच्या पेट्रोल गाडीला ९३,५०० रुपये. त्यावर नोंदणीचे ६००, स्मार्ट कार्डाचे २००, कर्ज असेल तर बोजा चढवायचे १,५०० आणि किरकोळ उपकर. या हिशेबापेक्षा आकडा चार-पाच हजारांनी फुगलेला दिसला तर "हे वरचे कशाचे?" असं सरळ विचारा. गाडी कंपनीच्या किंवा फर्मच्या नावावर घेत असाल तर कर बराच जास्त बसतो, तो आधीच विचारून घ्या.

विम्याच्या ओळीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. नव्या कारला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याची भरपाई देणारा) सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं, म्हणून तो सगळ्या कंपन्यांत सारखाच असतो. खाली-वर होतो तो स्वतःच्या नुकसानीचा भाग. विमा शोरूममधूनच घ्यावा लागतो, हे खरं नाही. तो कुठूनही घेता येतो. घरी बसून दुसऱ्या कंपनीचा भाव काढा, पण दोन्हीकडे आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी जास्तीत जास्त रक्कम, सारखी धरा. नव्या गाडीची आयडीव्ही साधारण एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते. ती कमी दाखवली की विम्याचा हप्ता स्वस्त दिसतो आणि गाडीला काही झालं तर भरपाईही कमी मिळते. झिरो डेप (सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) दोन्हीकडे आहे का, तेही बघा. माझ्या मेव्हण्याच्या वेळी बाहेरचा भाव तेरा हजारांनी कमी निघाला. तो मोबाइलवर दाखवल्यावर शोरूमनंही दहा हजार उतरवले.

जुनी गाडी विकली असेल तर तिचा नो क्लेम बोनस विसरू नका. तो गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम केला नसेल तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात ५० टक्क्यांपर्यंत सूट मिळते. जुन्या विमा कंपनीकडून त्याचं पत्र तेवढं घ्यावं लागतं.

मग येतात हँडलिंग, लॉजिस्टिक, 'एसेन्शियल किट', टेफ्लॉन कोटिंग. हँडलिंग चार्जेसला कायद्याचा आधार नाही. "हे काढा" एवढंच म्हणा, कारण देऊ नका. ॲक्सेसरीज सक्तीच्या नसतात. मॅट आणि सीट कव्हर शहरातल्या बाजारात बऱ्याच कमी पैशांत मिळतात. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबरच येते, तिचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही विचारा. एक्स्टेंडेड वॉरंटी घ्यायला हरकत नाही, पण त्याच दिवशी घ्यायची घाई नको.

गाडी दहा लाखांच्या वर असेल तर एक टक्का टीसीएस, म्हणजे डीलरनं तुमच्याकडून घेऊन सरकारला भरायचा आगाऊ आयकर, दिसेल. तो खर्च नाही. आयकर विवरणपत्र भरल्यावर तो करात वळता होतो किंवा परत मिळतो. मात्र त्यासाठी विवरणपत्र भरावंच लागतं.

तीन शोरूम, पण खरोखर वेगळे

आपल्या भागात एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. एकाच मालकाची शोरूम दोन-तीन जिल्ह्यांत असतात. बीडचं आणि अंबाजोगाईचं शोरूम फिरून आलं की दोन भाव आले असं वाटतं, पण दोन्हीकडे धनी एकच. हे ओळखायची सोपी खूण कोटेशनवरच असते. जीएसटी नंबर पंधरा अंकी-अक्षरी असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. त्यापुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. दोन कागदांवर ती दहा जुळली तर ते एकच दुकान समजा.

म्हणून जिल्ह्याबाहेर निघा. जालन्याहून संभाजीनगर साठ किलोमीटर आहे. धाराशिवच्या माणसाला लातूर आणि सोलापूर दोन्ही जवळ. गाडी दुसऱ्या गावाहून घेतली तरी नोंदणी आपल्या पत्त्यावरून आपल्या आरटीओत होऊ शकते. लातूरला एमएच २४ हवं असेल तर ते बुकिंगच्या वेळीच सांगा. "बाहेरून घेतली तर सर्व्हिसिंग इथं करणार नाही" असं कुणी सूचित केलं तर मनावर घेऊ नका. वॉरंटी कंपनीची असते आणि कंपनीच्या कुठल्याही अधिकृत वर्कशॉपला चालते. देगलूर-उदगीरकडची काही मंडळी निजामाबाद किंवा बीदरला चौकशी करतात. तिथून घ्यायची तर तात्पुरती नोंदणी करून गाडी आणावी लागते आणि कर इथलाच भरावा लागतो. पाच-सात हजारांसाठी मी त्या भानगडीत पडणार नाही.

वेळ

सोयाबीन आणि कापसाचा पैसा हातात येतो तो दसरा-दिवाळीला, आणि तेव्हाच शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते. दसरा, धनत्रयोदशी, पाडवा, अक्षय तृतीया या दिवशी गाडी घरी आणायची असेल तर जरूर आणा, पण सौदा त्याआधी करा. पितृपंधरवड्यात किंवा धोंड्याच्या महिन्यात शोरूम ओस असतं, सेल्समनला महिन्याचं टार्गेट मात्र तेवढंच असतं. तेव्हा भाव ठरवून बुकिंग करायचं आणि डिलिव्हरी मुहूर्तावर घ्यायची. एरवीही महिन्याचे शेवटचे पाच-सहा दिवस बरे. डिसेंबरात मोठी सूट दिसली तर उत्पादनाचा महिना बघा. तो आरसीवर छापला जातो आणि पुढे गाडी विकताना त्याच्यावरूनच भाव पडतो.

बोलणी

तिन्ही कागद घेऊन ज्याच्याकडून गाडी घ्यायची मनापासून इच्छा आहे, त्याच्याकडे शेवटी जा. सेल्समनशी भांडू नका. त्याच्या हातात थोडंच असतं. मॅनेजरला भेटायचं आणि एकच प्रश्न विचारायचा: "गाडी माझ्या दारात उभी राहीपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती जाणार?" त्या एका आकड्यावर बोला. डिस्काउंट किती, यावर बोललात की ते सूट वाढवतात आणि विम्यात भरून काढतात. दुसरीकडचा कागद दाखवा, खोटा आकडा मात्र सांगू नका. या धंद्यातली माणसं एकमेकांना फोन करतात आणि एकदा खोटं उघडं पडलं की पुढे तुमचं कुणी ऐकत नाही. मग गप्प बसा. समोरच्यानं कॅल्क्युलेटर काढला की मध्ये बोलायचं नाही.

दोघं-तिघं एकदम घेत असतील तर जोर वाढतो. ऑक्टोबर २०१० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या उद्योजकांनी मिळून एकाच वेळी १५० मर्सिडीज घेतल्या होत्या, सुमारे ६५ कोटींच्या. त्यात कर्जाचा दरही त्यांनी बँकेकडून एकत्रच कमी करून घेतला. आपल्याला १५० नकोत. शाळेतले तीन शिक्षक किंवा एका गल्लीतले दोन शेजारी एकाच महिन्यात घेणार असतील, तर एकत्र जाऊन विचारायला काय हरकत आहे?

जुनी गाडी द्यायची असेल तर ती बोलणी वेगळी ठेवा. आधी बाहेरच्या दोन गाडीबाजारवाल्यांकडून भाव काढा, नव्या गाडीचा आकडा पक्का करा, मगच म्हणा, "जुनी पण आहे." एक्स्चेंज बोनस म्हणून तीस हजार देऊन गाडीच्या किमतीत पन्नास हजार कापलेले मी पाहिलेत.

कर्ज

आधी आपल्या बँकेतून दर लिहून आणा, मग शोरूमचा दर विचारा. "फक्त पाच टक्के" असं ऐकलं तर तो फ्लॅट दर आहे का, म्हणजे हप्ते फिटत गेले तरी व्याज पूर्ण मूळ रकमेवरच लागतं का, हे विचारा. आठ लाखांवर पाच वर्षांसाठी फ्लॅट पाच टक्के म्हणजे दोन लाख व्याज. बँकेच्या घटत्या शिलकीच्या नऊ टक्क्यांनी तेच १ लाख ९६ हजार होतं. म्हणजे पाच टक्के नऊपेक्षा महाग पडले. मुदतीचंही तसंच. नऊ टक्क्यांनी पाच वर्षांचा हप्ता १६,६०७, सात वर्षांचा १२,८७१. हप्ता हलका वाटतो, पण एकूण व्याज जवळपास ८५ हजारांनी वाढतं.

रोख देणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख रक्कम डीलरला घेता येत नाही. आडतीवरची पट्टी आधी खात्यावर जमा करा.

बुकिंग आणि डिलिव्हरी

बुकिंगच्या पावतीवर व्हेरिएंट, रंग, ठरलेला एकूण आकडा, डिलिव्हरीची तारीख आणि रद्द केल्यास किती पैसे परत, हे लिहून घ्या. पैसे कंपनीच्या किंवा डीलरच्या खात्यावर द्या, सेल्समनच्या फोन पेवर कधीच नाही. नोंदणी आणि विमा होण्याआधी, दिवसाच्या उजेडात, यार्डात जाऊन गाडी बघा. चासी नंबर कागदाशी जुळवा, किलोमीटर बघा, टायरवरचा चार आकडी कोड वाचा (पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे), रंगात फरक दिसतो का ते बॉनेट-दरवाजांवर तपासा. नोंदणी झाल्यावर दोष सापडला तर गाडी बदलून मिळणं फार अवघड. ठरलेला आकडा ऐनवेळी वाढवला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते, आणि तसं शांतपणे बोलून दाखवलं तरी बऱ्याचदा काम होतं.

गाडी घरी आली, पेढे वाटले, तरी कोटेशनचा कागद फेकू नका. नंबर पडल्यावर परिवहन खात्याच्या पोर्टलवर कराची खरी पावती दिसते. ती कोटेशनच्या आरटीओच्या ओळीशेजारी ठेवा. मेव्हण्यानं तसं केलं तेव्हा ३,४०० रुपये जास्त घेतलेले निघाले. दोन्ही कागद घेऊन तो शोरूमला गेला आणि चार दिवसांत ते पैसे त्याच्या खात्यावर आले.