ब्रेलमधलं गणिताचं पुस्तक पाहिजे? मग जूनची वाट बघू नका

माझा भाचा कागल तालुक्यातल्या साध्या शाळेत शिकतो, त्याला जन्मापासून दिसत नाही. नववीत भाषेची पुस्तकं वेळेत आली पण गणिताचं आलं दिवाळीनंतर, तेही नुसतं भाग २, आणि आकृत्यांच्या जागी कोरी जागा. आता कोऱ्या कागदावर बोट फिरवून त्रिकोण कसा कळणार सांगा. त्या धावपळीत जे कळलं ते लिहितोय.

पहिलं काम कागदपत्रांचं. यूडीआयडी कार्ड (दिव्यांगत्वाचं सरकारी ओळखपत्र) नसेल तर ऑनलाइन अर्ज करून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात तपासणी करून घ्या. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानं १८ वर्षांपर्यंत पुस्तकं फुकट द्यायचीत, त्यामुळं उपकार मागतोय अशा सुरात बोलायचं नाही.

मग फेब्रुवारी-मार्चमध्येच मुख्याध्यापकांकडून लेखी मागणी करून घ्या. खेडेगावात असाल तर पंचायत समितीच्या गट साधन केंद्रात, समग्र शिक्षा या सरकारी योजनेचे विशेष शिक्षक असतात त्यांच्याकडं. शहरातले असाल तर महापालिकेच्या शिक्षण विभागाकडं. तिथं अडलं तर कोल्हापुरात नागाळा पार्कातली जिल्हा परिषद. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्याच, तोंडी "बघतो की" ला काय अर्थ नसतो.

अर्जात "गणित, ब्रेल" एवढंच लिहू नका, आम्ही तिथंच फसलो. इयत्ता, भाग १ आणि २, कुठल्या वर्षाची आवृत्ती हे सगळं लिहा. माध्यम तर नक्की लिहा, कारण सेमीवाल्या पोराला मराठी पुस्तक आलं तर त्याचा उपयोग शून्य. आणि ठळक लिहा की गणित नेमेथ कोडमध्ये आणि आकृत्या उठावाच्या पाहिजेत. नेमेथ म्हणजे गणितासाठीची वेगळी ब्रेल लिपी. साध्या ब्रेलमध्ये अंक सहा टिंबांच्या घराच्या वरच्या भागात येतात, नेमेथमध्ये तेच आकार एक ओळ खाली सरकतात, आणि अपूर्णांक कुठं सुरू झाला कुठं संपला याच्या वेगळ्या खुणा असतात. पोराला कुठली पद्धत शिकवलीय हे त्याच्या सरांना आधी विचारा.

काही जण म्हणतात ऑडिओ ऐकव की. "एक्स अधिक तीन भागिले चार" नुसतं ऐकून सांगा बघू, चारनं फक्त तीनला भागायचं का सगळ्याला? म्हणून गणित बोटाखालीच पाहिजे.

अर्ज टाकून गप्प बसू नका, दुसरीकडंही शोधत राहा. सुगम्य पुस्तकालय या ऑनलाइन लायब्ररीत शोधा, मुंबईत वरळीला नॅब (नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड) या संस्थेकडं विचारा, डेहराडूनच्या राष्ट्रीय दृष्टी दिव्यांगजन सशक्तीकरण संस्थेकडं विचारा. कुठंच नसेल तर बालभारतीची पीडीएफ फुकट मिळते, त्यावरनं ब्रेल करून घेता येतं. कॉपीराइटची भीती नको, २०१२ च्या दुरुस्तीनं दिव्यांगांसाठी असं रूपांतर करायला मुभा आहे. फक्त पीडीएफ सरळ ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली की वर्गमूळं, घातांक सगळ्याचा चुराडा होतो. समीकरणं नव्यानं टाईप करावी लागतात आणि शेवटी ब्रेल वाचणाऱ्या माणसानं प्रूफ तपासावं लागतं. म्हणून आधी एकच धडा करून घ्या, पोराला वाचू द्या, मगच पुढचं सांगा.

छापील एका पानाची ब्रेलमध्ये दोन-तीन पानं सहज होतात, त्यामुळं एका पुस्तकाचे कितीतरी जाडजूड खंड येतात. सगळे एकदम मागू नका, पहिल्या सत्राचे धडे आधी पाठवा म्हणा. पोस्टानं ७ किलोपर्यंतचं ब्रेल साहित्य बिनपैशात येतं, पाठवणाऱ्याला आठवण करून द्या.

पुस्तक येईपर्यंत टेलर फ्रेम (भोकांत खिळे बसवून गणित मांडायची अंधांसाठीची पाटी) आणि अबॅकसवर आकडेमोड चालू ठेवा. आकृत्या आमच्या ताईनं घरीच केल्या, पुठ्ठ्यावर फेव्हिकॉलनं लोकर चिकटवून. वर्तुळाचा केंद्रबिंदू म्हणून मसूर.