‘गेट’चा अर्थ कसा ओळखावा

इंग्रजीतील ‘गेट’ या क्रियापदाचे शब्दकोशातले सगळे अर्थ पाठ करण्याच्या भानगडीत पडू नये. त्याच्यापुढे काय आले आहे ते आधी पाहावे, म्हणजे बहुतेक वाक्ये उलगडतात.

पुढे नाम असेल तर अर्थ बहुधा मिळणे, मिळवणे किंवा आणणे असा निघतो. पुढे विशेषण असेल तर अवस्था बदलते आहे असे समजावे; मात्र तेथे दर वेळी ‘होणे’ वापरण्याची गरज नसते, कारण ‘गेट टायर्ड’साठी दमणे, ‘गेट वेट’साठी भिजणे आणि ‘गेट अँग्री’साठी चिडणे अशी सुटसुटीत क्रियापदे आपल्याकडे आहेतच. ठिकाण आले तर अर्थ पोहोचणे. ‘गेट टू नाशिक’ म्हणावे, पण ‘होम’, ‘हिअर’, ‘देअर’ यांच्याआधी ‘टू’ घालू नये.

खरी अडचण येते ती दुसऱ्याकडून काम करवून घेण्याच्या रचनेत. न्हाव्याकडे जाऊन आल्यावरही आपण ‘मी केस कापले’ असेच म्हणतो; त्याचे शब्दशः इंग्रजी केले तर कात्री स्वतःच चालवली असा अर्थ होतो. म्हणून ‘आय गॉट माय हेअर कट’ असे म्हणावे: आधी वस्तू, मग क्रियापदाचे तिसरे रूप. काम करणाऱ्याचा उल्लेख करायचा असेल, तर त्याच्यानंतर ‘टू’ लागतो: ‘आय गॉट द प्लंबर टू फिक्स द टॅप’. ‘मेक’ वापरल्यास हा ‘टू’ गळतो आणि सांगून-समजावून करवून घेण्याऐवजी करायला भाग पाडल्याची छटा येते. पण ‘ही गॉट हिज वॉलेट स्टोलन’ याची रचना केस कापण्याच्या वाक्यासारखीच असली, तरी त्याने स्वतःचे पाकीट मुद्दाम चोरवले असे कोणी म्हणणार नाही. येथे प्रसंगावरूनच अर्थ ठरवावा लागतो.

‘हॅव गॉट’ दिसायला भूतकाळी असले, तरी ‘आय हॅव गॉट अ कार’ म्हणजे माझ्याकडे आज गाडी आहे, आणि ‘आय हॅव गॉट टू गो’ म्हणजे मला जायलाच हवे. गाडी नुकतीच मिळवली असे सांगायचे असेल, तर अमेरिकी माणूस ‘गॉटन’ म्हणतो.

‘गेट अप’, ‘गेट ओव्हर’, ‘गेट अलाँग’ अशा जोड्या मात्र फोडू नयेत. त्या शब्दकोशात अख्ख्याच शोधाव्यात.