पुस्तिका आधी लिहा, स्क्रीन नंतर ठरू द्या

ठिबकचे व्हॉल्व्ह आपोआप उघडणाऱ्या-बंद करणाऱ्या ऑटोमेशन कंट्रोलरच्या माहितीपुस्तिका मी लिहिते. ऑफिस नाशिकच्या अंबडला, वाचणारा माणूस निफाडच्या द्राक्षबागेत.

स्क्रीनची चित्रं कागदावर कच्ची असतानाच लिहायला बसा. एकच काम घ्या: आधी नुसतं पाणी, मग खत, शेवटी नळ्या धुवायला पुन्हा नुसतं पाणी. प्रत्येक पायरी एका वाक्यात बसवा. जिथे 'मात्र', 'जर', 'विसरू नका' लिहावं लागेल, तिथे लाल खूण करा आणि तो कागद डिझायनरकडे न्या.

ही खूण मी एकदा केली नव्हती. 'जतन करा' दाबल्यावर 'लागू करा' दाबायला विसरू नका, असं ठळक चौकटीत छापून मोकळी झाले. एका काकांनी संध्याकाळी जतन केलं आणि घरी गेले. रात्री बाराला पंपाची थ्री फेज वीज आली, व्हॉल्व्ह उघडलाच नाही. "ताई, जतन केलं म्हणजे झालं ना?" त्यांचं बरोबर होतं. पुढच्या आवृत्तीत एकच बटण राहिलं आणि माझी चौकट गेली.

लिहिताच येत नाही असं वाक्य सगळ्यात मोलाचं. खत चालू असताना लाइट गेली आणि परत आली, तर काय होतं? पहिल्यापासून सुरू झालं तर खत दुप्पट जाईल. हे कुणी ठरवलंच नव्हतं. डिझायनर आणि प्रोग्रामरला समोरासमोर बसवलं, तेव्हा स्क्रीनवर आलं: 'व्हॉल्व्ह ३, खताची २० मिनिटं बाकी. तिथूनच पुढे चालू.'

बिघाडाचे संदेशही पुस्तिका लिहिणाऱ्यानेच लिहावेत. स्क्रीन वापरायला सोपी कशी असावी, याची १० तत्त्वं या विषयातले तज्ज्ञ याकोब नीलसन यांनी १९९४ मध्ये मांडली. त्यातलं नववं सांगतं: कोड नको, अडचण साध्या भाषेत सांगा, उपाय सुचवा. 'त्रुटी ०७ : निम्न प्रवाह' काढा. 'पाणी कमी येतंय. आधी फिल्टर धुवा' लिहा. बागेत 'सिंचन' कुणी म्हणत नाही, पाणीच म्हणतात.

मग बांधावर जा. ऑक्टोबर छाटणीच्या धांदलीत नको, तेव्हा कुणाला बोलायलाही सवड नसते. भर उन्हात मोबाइल हातात द्या आणि गप्प बसा. बोट दाखवायचं नाही. फार अवघड जातं, पण माणूस कुठे थबकतो ते तेव्हाच दिसतं.

एवढं करून जे सांगायचं उरेल, ते एका पानावर आणा, लॅमिनेट करा आणि कंट्रोलरच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवा. पाणी बंद पडलं की माणूस तिथेच येऊन उभा राहतो.